डोळे धाकटीचे, सही माझी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे तेहतीस, व्यवसाय मासिकांसाठी चित्रं काढणे, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, डोकं ताळ्यावर असताना लिहीत आहे. उद्या माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "अहो, किरकोळ आहे, चौथ्या दिवशी घरी जाल." पण मन चिंती ते वैरी न चिंती. हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. तो माझा मीच आणते.

१. राहतं घर, दोन खोल्या, स्वकष्टार्जित, आणि बँकेतली सर्व शिल्लक आईला मिळावी. आईने लगेच धाकटीला तिथे राहायला बोलावू नये. निदान सहा महिने. ही अट नव्हे, विनंती समजावी.

२. उतरता चित्रफलक, टाक, ब्रश आणि शाई धाकट्या बहिणीला. फलक मुळात आमच्या वडिलांचा, अप्पांचा. अप्पा साप्ताहिकातल्या कथांना चित्रं काढत. शाळेत नाव घालण्याआधी आम्ही दोघी त्या फलकाशी ब्रश धुवायला शिकलो. पुढे अप्पांचा हात थरथरू लागला. तेव्हा माणसं, कपडे, खुर्च्या मी काढायची, डोळे धाकटी, आणि सही अप्पांची. आमच्या घरात एकच सही चालायची. अप्पा म्हणायचे, "थोरले, तू माणूस उभा कर. जागं त्याला धाकटी करेल." ते कौतुकानेच म्हणत. मला ते अजून पचलेलं नाही.

३. 'बोलक्या डोळ्यांची चित्रकार' म्हणून मिळालेलं मानचिन्ह कोणालाही देऊ नये. त्याचं कारण नोंदवणं भाग आहे. अप्पा गेल्यावर मासिकाच्या संपादकबाई घरी आल्या. अप्पांच्या शेवटच्या चित्रांत आम्हा मुलींचा हात होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "डोळे कोण काढायचं गं?" मी म्हटलं, "मीच." धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची. ती चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, साखर किती?" एवढंच. तिने ऐकलं होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडस मला अकरा वर्षांत झालं नाही.

त्यानंतर मी जुन्या अंकांतून तिने काढलेले डोळे कापले, वहीत चिकटवले आणि गिरवले. खोटं बोलणारे, रडू आवरणारे, नुसतेच कंटाळलेले. तीनशे बारा जोड्या. माझी दोनशेहून अधिक मुखपृष्ठं त्या वहीवर उभी आहेत. ती वही धाकटीला द्यावी. एकदा ती म्हणाली होती, "ताई, डोळे छान काढायला लागलीस हं." हा टोमणा होता की शाबासकी, हे ठरवण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या.

४. एक कबुली. गेल्या महिन्यात धाकटीने औषधाच्या पाकिटामागे आपल्या झोपाळलेल्या नवऱ्याचा चेहरा काढला. अर्ध्या मिनिटात, पोळी तव्यावर असताना. मी त्या आठवड्यात एकच चेहरा अकरा वेळा खोडला होता. "बरा आलाय," असं म्हणून मी ते पाकीट पर्समध्ये घातलं आणि घरी येऊन फाडलं. रात्री तिचा फोन आला, "ताई, पाकीट पाहिलंस का गं? त्यावर गोळ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या." मी नाही म्हटलं. मेहुण्यांना त्या वेळा पुन्हा विचारून घ्याव्या लागल्या, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

५. मासिकातली माझी जागा. आधी लिहिलं होतं: कोणालाही मिळो, धाकटीला नको. ते खोडलं. मग लिहिलं: माझ्या पश्चात डोळ्यांची हकीकत संपादकबाईंना कळवून जागा धाकटीला द्यावी. हे वाचून मला फार हलकं वाटलं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर देतेस होय? म्हणजे तुला बघायला नको!"

म्हणून आज सकाळी संपादकबाईंना फोन करून सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "पुढचं मुखपृष्ठ तिच्याकडून घेऊ?" मी हो म्हटलं. नंतर धाकटीला फोन केला. ती चिडेल, अबोला धरेल, अप्पांचा विषय काढेल, या सगळ्याची उत्तरं मी कागदावर लिहून ठेवली होती. तिने फक्त विचारलं, "कधीपर्यंत हवंय?" आवाजात इतका आनंद होता की मला फोन ठेवावा लागला.

सबब कलम पाच रद्द. देऊन झालेली वस्तू मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

६. शेवटची सूचना. धाकटीचं मुखपृष्ठ असलेला अंक कोणी कौतुकाने माझ्याकडे आणू नये. ऑपरेशनमधून मी वाचले तर दुकानात जाऊन स्वतः विकत घेईन आणि घरी, दार लावून बघेन.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. चौथ्या कलमाला दोघं हसले, तरी सह्या त्यांनी नीट केल्या आहेत. लाभार्थीने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून आई आणि धाकटी यांच्या सह्या नाहीत.

(सही) लिहून देणार, थोरली

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या शिवणकामवाल्या काकू
२. (सही) मासिकाचे मुद्रितशोधक, दोन चुका दुरुस्त करून

ठिकाण: राहतं घर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, गुरुवार, दुपारी चार