दिलेल्या वस्तूवर बोली

पप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर मला आधी तो लिलाव आठवावा लागतो. घरात तुम्ही कमीच बोलायचात. कारखान्यात फिटर, चर्चच्या मंडळीत पंच आणि आईसमोर मुके, अशी तुमची विभागणी मी लहानपणीच करून टाकली होती. पण वर्षातून एकदा, कापणीच्या सणाला, उपासना संपली की चर्चच्या आवारात चिंचेखाली टेबल मांडून तुम्ही उभे राहायचात आणि तुमच्या घशातून भलताच माणूस बाहेर यायचा. आपल्या मंडळीत कापणी करणारं खरं तर कोणीच नव्हतं. निम्मे कारखान्यात, निम्मे दवाखान्यात, उरलेले शाळेत. तरी देवाला पहिलं पीक द्यायचं म्हणून कोणी कुंडीतली वांगी आणायचं, कोणी केक, आणि कोणी मार्केटयार्डातून आदल्या दिवशी आणलेला भोपळा स्वतः पिकवल्यासारखा दोन्ही हातांनी वेदीपाशी नेऊन ठेवायचं. मग त्या सगळ्याचा लिलाव. "बोला, बोला! ही पपई बघा. हिच्याइतकी गोड या मंडळीत एकच, आणि ती माझ्या घरी आहे, म्हणून मी हिच्यावर बोली लावत नाही!" आई तोंडाला पदर लावायची. लोक हसत हसत पपईची किंमत चढवत न्यायचे.

आज हे लिहायला बसले, कारण तुमची नात गेली. दचकू नका, तुमच्याकडे नाही आलेली. नंदुरबारच्या पुढे सातपुड्यात चर्चचं एक वसतिगृह आहे, आदिवासी मुलींचं, तिथे वॉर्डन म्हणून गेली. हिंजवडीतली नोकरी सोडून. ज्या नोकरीसाठी ती रोज कंपनीच्या बसमध्ये आयुष्य काढत होती, त्या नोकरीबद्दल मला फार प्रेम होतं असं नाही. पण संध्याकाळी उशिरा का होईना, बस तिला परत आणून सोडायची.

मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही होतात तेव्हा मी नुसतीच तोंडाळ होते, आता त्याचे पैसे मिळतात. आठवड्याला एक तिरकस सदर लिहिते. शहरात विषयांना तोटा नाही, पण काही सुचेनासं झालं की मी आपल्याच लोकांकडे वळते. आपले लोक कधी निराश करत नाहीत. उज्जीवन सभेत दर डिसेंबरात तेच काका पुढे जाऊन तेच आयुष्य प्रभूला पुन्हा समर्पित करतात, लायसन्सचं नूतनीकरण करावं तसं. एक बाई साक्ष देतात की मी सगळं प्रभूच्या चरणी ठेवलं आणि प्रभूनं मला बाल्कनीसकट फ्लॅट दिला. "प्रभूची इच्छा असेल तर येऊ" याचा अर्थ येणार नाही, हे तर आता लहान लेकरांनाही कळतं. सकाळी उठून 'सर्व भार त्याच्यावर टाका' असा फुलांचा फोटो ग्रुपवर टाकणारे आमचे खजिनदार चर्चच्या कपाटाची किल्ली मात्र प्रभूवरसुद्धा टाकत नाहीत. हे सगळं मी लिहिलं. लोक हसले, काही जण रागावले, दोघातिघांनी माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली. एका लेखात मी लिहिलं होतं की आमच्या मंडळीत समर्पण सगळे करतात, जातं कोणीच नाही. त्या वाक्यावर मी तेव्हा खूश होते.

एका रविवारी जेवणाआधी लेक माझ्या शेजारी ओट्यापाशी लसूण सोलत उभी होती. म्हणाली, "मम्मी, मी पेपर टाकलेत."

"कुठे? रद्दीत?"

"राजीनामा दिला गं." मग तिनं सगळं सांगितलं. वसतिगृह, आधीच्या म्हाताऱ्या वॉर्डनबाई, मुली, एका सुट्टीत मैत्रिणीबरोबर ती तिथे जाऊन आली होती ते. मला वाटलं होतं तोरणमाळ बघायला गेलीये.

"तुला कोणी बोलावलंय तिथे?"

"बोलावलंय असं वाटतंय."

"कंपनी बोलावते तेव्हा निदान ऑफर लेटर तरी येतं."

ती हसली. माझ्या विनोदाला ती नेहमी हसते, आणि मग तिला करायचं तेच करते. आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वर केला आणि पेपरामागून म्हणाले, "जाऊ दे गं." या माणसानं संसारात मला दिलेला हा एकमेव सल्ला आहे, आणि तो सगळ्याला चालतो.

त्यानंतरचे दोन महिने मी काय काय केलं ते तुम्ही बघितलं असतं तर मान खाली घातली असती. मी तिला म्हटलं, एक वर्ष थांब. मग म्हटलं, जर्मनीला जायचं होतं ना तुला शिकायला, जा, आम्ही बघतो. मग कोथरूडच्या या फ्लॅटची आतली खोली, जिच्यात माझी पुस्तकं आहेत आणि जी ती कॉलेजात असल्यापासून मागत होती, ती देऊ केली. कशानंच काही होईना तेव्हा माझं बीपी काढलं. डॉक्टरांची गोळी टेबलावर तिला दिसेल अशी ठेवायला लागले. एका सकाळी ती डबा भरत होती आणि मी तिच्यामागे उभी राहून, इथेच पुण्यात वस्त्यांमधून काम करता येईल, कात्रजच्या पुढे तर कितीतरी आहेत, असं सुचवत होते. ती वळली. चिडली नव्हती. म्हणाली, "मम्मी, रोज थोडी थोडी किंमत वाढवतेस. तू मला परत विकत घेतेयस का?"

तिला ती कोंबडीची गोष्ट माहीत नाही. मी कधी सांगितलीच नाही.

मी तेव्हा चौथीत होते. घोरपडीच्या आपल्या खोलीमागे पिंप उलटं करून त्यात मी ती वाढवली होती, ठिपक्याठिपक्यांची. तिचं नावही ठेवलं होतं, ते लिहीत नाही, या वयात शोभणार नाही. त्या वर्षी सणाला घरात द्यायला काही नव्हतं आणि आई म्हणाली, हिचीच कोंबडी देऊ. मला विचारलं. मी हो म्हटलं, कारण देवाला द्यायचं म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. पाय बांधलेली ती टेबलावर पडलेली आहे, एक डोळा माझ्याकडे. तुम्ही तिची तारीफ करताय, लोक बोली लावतायत, आणि मी हात वर करते. माझ्याकडे काहीच नाही, पण हात वर आहे. तुम्ही थांबता. ती लिलावाची मजा तुमच्या चेहऱ्यावरून पार जाते. "दिलेल्या वस्तूवर देणाऱ्यानं बोली लावायची नाही. खाली बस." सगळी मंडळी हसली. तो नियम तुमचाच होता. लोक आपलेच भोपळे परत घरी न्यायला लागले होते म्हणून तुम्ही तो केला होता, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की माझ्या बापानं मला सगळ्यांसमोर खाली बसवलं. एक वार, दोन वार, तीन वार. वानवडीच्या एका रिटायर्ड हेडमास्तरीणबाईंनी कोंबडी नेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवलंत. कुठे ते सांगितलं नाहीत. वानवडीत बाईंच्या दारात उतरलो. बाई हात पुसत बाहेर आल्या. "अय्या, तुम्ही? या की! कोंबडी ना? अहो, काय सांगू, काल संध्याकाळीच पाहुणे आले. इतका छान रस्सा झाला! थोडा आहे अजून, बेबीला वाटीत देऊ?"

"नको, तिचं पोट बिघडलंय," तुम्ही म्हणालात.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या पुलापाशी तुम्ही सायकल थांबवलीत. मी रडत नव्हते. रडत असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, तुम्हाला काहीतरी करता आलं असतं. तुम्ही विचारलंत, "तुला काय वाटलं होतं? देवाला दिली म्हणजे देव बसून तिला दाणे घालणार?"

"हो."

"तसं नसतं. दिली म्हणजे दिली. पुढचं विचारायचं नसतं."

"मग तुम्ही कशाला आलात विचारायला?"

तुम्ही पायडल मारलंत. घरापर्यंत तुमचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता आणि मला वाटत होतं आता बोलाल, आता बोलाल.

पप्पा, एवढ्या प्रवचनांत, सभांत, ग्रुपवरच्या फुलांत मला समर्पणाबद्दल इतकं खरं कोणी सांगितलं नाही. बाकी सगळे सांगतात की दे, म्हणजे तो सांभाळेल. तुम्ही एकटेच म्हणालात की रस्सासुद्धा होऊ शकतो. म्हणून मला भीती वाटते. तिथे डोंगर आहे, साप आहेत, दवाखाना लांब आहे, आणि बाहेरून आलेल्या चर्चच्या मुलीकडे गाव कसं बघेल ते सांगता येत नाही. चर्चचे पाळकसाहेब मला बायबलातल्या, देवानं मागितला म्हणून मुलाचा बळी द्यायला त्याला डोंगरावर घेऊन गेलेल्या त्या म्हाताऱ्या बापाची गोष्ट सांगायला लागले. मी म्हटलं, ती मला पाठ आहे, त्या गोष्टीत आईला कोणी विचारलं नव्हतं.

हो, पाळकसाहेबांकडेही गेले होते, तिला न सांगता. पोरसवदा आहेत, माझ्या वाक्यांना घाबरतात. म्हणाले, "ताई, आपण प्रार्थना करू या."

"नको. प्रार्थना तिनं केली, त्याचाच हा परिणाम. तुम्ही तिला फक्त एवढं सांगा की मंडळीला तिची इथे गरज आहे."

ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "ताई, तुम्हीच लिहिलं होतं ना, की आपल्याकडे समर्पण सगळे करतात, जातं कोणीच नाही?"

"ते विनोदी होतं."

"तिला तसं वाटलं नाही," ते म्हणाले. अगदी हळू, माझी माफी मागितल्यासारखं.

मी उठले. जिन्यावर मला पहिल्यांदा खरोखर दमल्यासारखं झालं. गुडघ्यांमुळे नाही. इतकी वर्षं मी ज्यांना हसत आले त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच निघाला की ते गाणं म्हणत देतात आणि मी नाक मुरडत देते, आणि द्यायची वेळ आली की दोघंही वस्तूचं दुसरं टोक सोडत नाही. तिच्या बाप्तिस्म्याला तुम्ही होतात, शेवटच्या आजारातून उठून आला होतात. हे लेकरू देवाचं आहे असं मानता का, म्हणून विचारलं तेव्हा मी जोरात "हो" म्हटलं होतं. माझं सगळं लक्ष मागच्या अंगणात दमाला लावलेल्या बिर्याणीकडे होतं.

जायच्या आधीच्या रविवारी तिला मंडळीसमोर उभं केलं. ती गुडघ्यावर बसली, आणि आम्हा दोघांना पुढे बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "आईवडिलांची खुशीनं संमती आहे?" हे म्हणाले, "आहे." मग सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. माझी जीभ सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "संमती आहे. खुशीचं नंतर बघू." कोणीतरी मागे फिसकन हसलं. प्रार्थना झाली, आमेन झालं, सगळ्यांचे हात निघाले. माझा निघाला नाही. मी काही ठरवून ठेवला नव्हता, पण तो उचलायचा कसा हेच मला सुचेना. लोक जागेवर बसले, पेटी सुरू झाली, आणि खालून तिचा आवाज आला, "मम्मी, केस ओढले जातायत." तेव्हा सोडला.

वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळच्या बसनं ती गेली. यांनी बॅग वर चढवली. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि खिडकीजवळ बस म्हणून ओरडले, जणू पिकनिकला चाललीये. घरी आलो तेव्हा तिच्या खोलीत पंखा चालूच होता. यांनी बंद केला, मी परत लावला.

आता राहिलं ते सांगते, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. ती गेल्यापासून मी रोज सकाळी प्रार्थना करते. मी, हो. आणि रोज एकच मागते, तिचं तिथे जमू नये. तिला इजा नको, आजार नको, फक्त जमू नये. कंटाळावी, चुकावी, लोकांनी म्हणावं ही काही कामाची नाही, आणि तिनं बॅग भरावी. देवाला असल्या प्रार्थनांची सवय असेल असं समजून मी ती रोज अगदी स्वच्छ मराठीत करते.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. रडवेली. स्वयंपाकाच्या मावशी गावी गेल्या आहेत, हिनं सगळ्या मुलींची खिचडी एकटीनं टाकली, पातेलं खाली लागलं, सगळीकडे करपल्याचा वास, मुली ताटं घेऊन बसल्यात. "मम्मी, मला नाही येत हे. मी उगाच आले." पप्पा, हेच ते. जसंच्या तसं, मी मागितलं होतं ते. नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "आधी चुलीवरून उतरव. ढवळू नकोस! तळाला हात लावायचा नाही. वरची वरची अलगद दुसऱ्या पातेल्यात काढ. काढलीस? वास येतोय अजून? मग लसूण ठेच, चांगला मूठभर, तेलात लाल कर आणि वरून ओत. आणि रडू नको, मुली बघतायत." चुलीचा आवाज, भांड्याचा आवाज, मग चर्र झालेलं ऐकू आलं. कोणीतरी मुलगी लांबून काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. माझी लेकही हसली. "खातायत गं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ओट्याला टेकून तशीच उभी होते. हे आतून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, खिचडी."

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. तुम्ही वाचून काही बोलला नसतात. याला विश्वास वगैरे नाव देऊ नका, मी दमलेय, एवढंच. आज सकाळी यांनी विचारलं, प्रार्थनेला बसली नाहीस का. मी म्हटलं, विसरले. विसरले नव्हते.