हँडल पूर्ण डावीकडे

शनि., १६ ऑगस्ट
आली एकदाची मोटरसायकल. लिलावाच्या यार्डातून, शेजारच्या वॉल्टरच्या ट्रेलरवर, चार पट्ट्यांनी आवळलेली. वॉल्टर सत्तरीचा, जन्मभर ट्रक दुरुस्त केलेला माणूस. गाडी उतरवताना एकदाच म्हणाला, "यू शुअर?"
कागदावर ठसठशीत अक्षरांत: सॅल्व्हेज. म्हणजे विमा कंपनीच्या लेखी ही मेलेली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, कोलिजन. कोण, कुठे, कशाला धडकलं, काही नाही.
नितीन गराजच्या दारात कॉफी घेऊन उभा. "वैशाली, बायका या वयात योगा लावतात." म्हटलं, तू लाव, घरात एकानं लावला तरी पुरे.

रवि., १७ ऑगस्ट
दिवसभर नुसती बघत बसले. हँडल वाकलेलं, डावा आरसा गायब, क्लचचा दांडा अर्धा तुटलेला, टाकीला डावीकडून पोचा. उजवी बाजू नवीकोरी! पुढचं चाक सरळ, ते धरणारा फोर्क सरळ. ही कशाला धडकलेलीच नाही. डाव्या कुशीवर पडलीय, तीही हळू चालताना.
मग पडली कशी?
वॉल्टर म्हणे, "पीपल फॉल." हे काय उत्तर झालं? ऑफिसात सॉफ्टवेअर तपासताना कुणी मला असं सांगितलं असतं तर मी त्याचा बग तिथल्या तिथे परत पाठवला असता.

शनि., २३ ऑगस्ट
सीट काढली. खाली गाडीचं माहितीपुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक पेन्सिलीनं, इंग्रजीत, तारखा घालून:
डावं वळण. बंद पडली. क्लच!
डावं वळण, पुन्हा. घाबरू नको. हात सावकाश सोड.
डावं. परत. माझंच चुकतंय. पार्किंग लॉटमध्ये प्रॅक्टिस.
तिसऱ्यानंतर काही नाही. हसू आलं. शिकाऊ होतं कुणीतरी. बाई की बाप्या, अक्षरावरून कळत नाही. इचलकरंजीला मीसुद्धा बाबांची स्कूटर प्रत्येक चौकात बंद पाडायचे आणि मागचा रिक्षावाला माझा उद्धार करायचा.
चला, कोडं सुटलं: कच्चा हात, हळू वळण, धप्प.

रवि., ७ सप्टें.
नवं हँडल बसलं. क्लचचा दांडा, आरसा बसला. प्रत्येक पार्टची पावती फाइलला, तपासणीवाल्यांना सगळ्या लागतात.
दुपारी मैत्रीण अनघा आणि तिची मुलगी रिया आल्या. रिया इथेच, अमेरिकेत जन्मलेली, पंचवीसची, फिजिओथेरपिस्ट. गाडी बघून किंचाळली. "मावशी, धिस इज युअर्स? शट अप!" लायसन्स तिनं मेमध्येच काढलंय, आईला न सांगता. आज सांगितलं, माझ्या गराजमध्ये, माझ्या साक्षीनं. वा गं हुशार.
म्हणते, तयार झाली की मलाच वीक. अनघा आधी तापली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुसऱ्या कुणाची असती तर मी तिला हातही लावू दिला नसता. तुझ्या हातची आहे म्हणून हो म्हणतेय."
हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

रवि., १४ सप्टें.
सुरू झाली! पहिल्या बटणाला. काय आवाज आहे. नितीनसुद्धा बाहेर आला, आणि बराच वेळ आत गेला नाही.
ड्राइव्हवेत वळवताना एकदा बंद पडली. एकदाच. मग पन्नासेक वेळा तसंच करून बघितलं, नाही पडली. माझाच क्लच सुटला असणार, लायसन्स काढून वर्ष झालं तरी हात बसलेला नाही.
वहीत सवयीनं लिहिलं: रिप्रोड्यूस होत नाही, पुन्हा घडवता येत नाही. बग बंद.

शुक्र., १९ सप्टें.
राज्याची तपासणी पास. वॉल्टरच्या ट्रेलरवर नेली. माणसानं फ्रेमचा नंबर जुळवला, पावत्या एकेक करून बघितल्या, दिवे-ब्रेक बघितले. आता कागदावर 'रीबिल्ट' येणार. मेलेली जिवंत झाली, तेही सरकारी शिक्क्यानं.
माणसाला विचारलं, ही पडली कशी ते कुठे कळेल का? त्यानं असं बघितलं, जणू मी गाडीची पत्रिका मागितली.

रवि., २८ सप्टें.
दोन तास चालवली. रस्त्यावर एकदाही खोकली नाही. रिया गुरुवारी, दसऱ्याला घेणार. अनघाला मुहूर्त हवाय.
१४ तारखेचं रियाला सांगावं का? काय सांगू? एकदा बंद पडली, माझ्या हातानं? उगाच अनघाच्या जिवाला घोर.

गुरु., २ ऑक्टो. दसरा
सगळं नीट लिहून ठेवते.
संध्याकाळी पाचला पूजा, गराजच्या दारातच. अनघानं ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून झेंडूचा हार आणलेला, हा एवढा जाड. वाऱ्यानं उडेल म्हणून तिनं हँडलच्या मधोमध, वायरींच्या जुडग्यासकट, दोऱ्यानं करकचून बांधला. हळदकुंकू झालं. पुढच्या चाकाखाली लिंबू. रिया बसली, गाडी सुरू केली. पलीकडे आमची कार उभी, त्यामुळे निघतानाच हँडल पूर्ण डावीकडे वळवायला लागलं. लिंबू फुटलं आणि गाडी एकदम बंद. डावीकडे कलली. नितीन आणि वॉल्टर दोघांनी धरली म्हणून, नाहीतर रिया खाली होती.
अनघा पांढरीफटक. "लिंबावरच बंद पडली गं." नितीन म्हणाला, हार अडकला असेल. हार काढला, गाडी सुरू झाली, दहा वेळा वळवली, काही नाही. सगळे हसले, पेढे खाल्ले.
रिया काय म्हणाली ते मात्र माझ्या कानातून जात नाहीये. "सॉरी, सॉरी! माय क्लच. माय बॅड."
पेढा तोंडात तसाच राहिला. हेच मी वाचलंय.
गाडी देत नाही म्हटलं. एक गोष्ट बघायचीय. रिया हिरमुसली.

शनि., ४ ऑक्टो.
हार परत बांधला. सुकलेला, पण तसाच, करकचून. हँडल पूर्ण डावीकडे. बंद! सरळ केलं, सुरू. डावीकडे, बंद. सहा वेळा ओळीनं. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढा आज्ञाधारक बग मिळाला नव्हता.
आणि दर वेळी मीटरचे दिवेही जातात. क्लच चुकला तर इंजिन बंद पडतं, दिवे जात नाहीत. १४ तारखेला मी दिव्यांकडे बघितलंच नव्हतं. हात चुकला हे ठरवून मोकळी.
वॉल्टरनं वायरींवरची पट्टी सोलली. चावीकडे जाणारी एक वायर, वरून धडधाकट, आत तुटलेली. एक-दोन तारा कशाबशा धरून. हँडल डावीकडे गेलं की ताण बसतो. एरवी कधीतरीच सुटायची, हारानं जरा जास्त ओढली. तांबं हिरवं पडलेलं. म्हणजे जुनं दुखणं. की यार्डातल्या पावसानं हिरवं झालं? छातीठोक सांगता येणार नाही.
अपघातानं जे मोडलं ते मी सगळं नवं केलं. अपघात ज्यानं झाला ते तसंच ठेवून पावत्या लावल्या, शिक्का घेतला, आणि अनघाच्या मुलीला वर बसवलं.
संध्याकाळी ते पान परत वाचलं. माझंच चुकतंय. आणि मी हसले होते.

रवि., ५ ऑक्टो.
अनघाकडे जाऊन सगळं सांगितलं. १४ तारखेचंही. रिया एकदम उत्साहात, "सो इट वॉजन्ट मी?" अनघानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस." माहीत नव्हतं म्हणावंसं वाटलं. पण होतं की. वहीत लिहिलेलं होतं. मान खाली घालून चहा प्यायले.

शनि., ११ ऑक्टो.
वायरींचं अख्खं जुडगं बदललं. हँडल डावीकडे दोनशे वेळा, मोजून. हार बांधून, न बांधता. नितीन आकडे लिहायला खुर्ची टाकून बसला होता. दिवे एकदाही गेले नाहीत.
रियाचे मेसेज येतात. अनघाचा एकही नाही.

शनि., १८ ऑक्टो.
सकाळी रिया आली. अनघाच घेऊन आली, पण कारमधून उतरली नाही. रियानं गल्लीत डावीकडे गोल गोल चकरा मारल्या. काच खाली करून अनघा बघत होती. तासाभरानं उतरली, माझ्याशेजारी उभी राहिली. "घेऊ दे का?" असं तिनं मला विचारलं नाही. रिया गाडी घेऊन गेली, मागोमाग अनघाची कार.
माहितीपुस्तक रियाला दिलं, शेवटचं पान सोडून.
दुपारी जिथून गाडी घेतली त्या लिलावाच्या यार्डात गेले. पाकिटात ते पान आणि माझी इंग्रजी चिठ्ठी: डाव्या वळणावर गाडी बंद पडायची ती वायर तुटल्यामुळे. तुमचा हात बरोबर होता. आधी 'बहुतेक' लिहिलं होतं. नितीन म्हणाला काढ. काढलं. मग परत लिहिलं. मग खोडलं.
काउंटरवरच्या बाईनं पाकीट उलटसुलट केलं. "नाव नाही यावर."
"मला माहीत नाही. तुमच्याकडे असेल."
"आम्ही नावं देत नाही."
"मला नको. त्यांना फक्त पोचवा."
"असं आम्ही करत नाही, मॅम."
विचारलं, ते माणूस ठीक आहे का, एवढं तरी कळेल? ती स्क्रीनकडे बघत राहिली. पण पाकीट परत दिलं नाही. खाली कुठल्या तरी ट्रेमध्ये टाकलं. कुठल्या, ते मला माझ्या बाजूनं दिसलं नाही.