पाहुणं पाणी

तोशयाप, २४ मार्च

चि. इंतिझार हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. जर्दाळूला फुलं आली, पण वारा सुटलाय, टिकतील असं वाटत नाही. गुडघा दुखतो. तू जेवतेस ना? वहिनीला विचारलं तर ती नुसती "हो" म्हणते, म्हणून जास्तच काळजी वाटते. नवरोजला तू आली नाहीस. तुझ्या वाटणीचं सुमलक, गव्हाच्या कोंबांची ती गोड खीर, झाकून ठेवलं होतं. आज त्यावर बुरशी आली.

बिकाजान गेल्यापासून तिच्या घराकडे कोणी फिरकत नाही. मला जावंच लागतं, पाण्याची पातळी मोजायची विहीर तिच्या कुंपणाशी. जी भिंत तिच्या अंगावर पडली, तिच्या मातीवर मीठ फुललंय, पांढरंशुभ्र. पाय पडला की करकरतं, आणि वाटतं, आता ती मागून म्हणेल, "अहो मोजणीदार, चहा घेऊन जा, विहीर काही माहेरी पळत नाही!" परवा मी खरंच "आलो" म्हणून वळलो.

लोक म्हणतात, रोझमतच्या पुतणीने, म्हणजे तू, चर चुकीचा आखला. गल्लीतलं पावसाचं पाणी मुरवायला भिंतीलगत दीड मीटर खणून खडी भरली, पण चर पाणी प्यायलाच नाही. यंदा पाणी तुंबलं, पाया भिजला, भिंत कोसळली. मी ऐकतो आणि दोरी घेऊन विहिरीकडे निघतो.

गेल्या एप्रिलमध्ये तू विचारलंस, "काका, वर्षात पाणी सगळ्यात वर येतं, तेव्हा किती खोल असतं?"

"तीन मीटर वीस."

"नक्की ना? चराच्या तळाखाली मीटरभर तरी कोरडी माती राहायला हवी."

"पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून विहिरीत दोरी सोडतोय मी!"

तो आकडा ऑक्टोबरचा होता. दर मार्चमध्ये जमिनीतलं मीठ धुवायला शेतांत कालव्याचं पाणी कोंडतात; तू विचारायच्या महिनाभर आधी विहिरीत पाणी जमिनीखाली जेमतेम ऐंशी सेंटीमीटरवर होतं. मी मोजलं होतं. पण आपल्याकडे ते पाहुणं पाणी. वडील सांगायचे, पाहुण्याला घरच्यांत मोजू नये. म्हणून मोजणीच्या वहीत आकडा लिहिला आणि खोडला. महिन्यात जाईल म्हटलं. तोवर ते खालून चरात चढेल आणि पावसाला जागाच उरणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

इथवर चूक होती. पुढचं चूक नाही.

भिंत पडल्यावरच्या चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "गेल्या मार्चमध्ये मोजलं होतं का?" तू माझ्याकडे पाहत होतीस. मी म्हणालो, "साहेब, तिनं मार्चचं विचारलंच नाही." तू काही बोलली नाहीस. घरच्या म्हाताऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, असं आम्हीच तुला शिकवलंय. मी त्याच भरवशावर बोललो.

गुरुवारच्या सुनावणीत तुझा कामाचा परवाना रद्द करणार, असं कळलं. वही तुझ्याकडे पाठवणार होतो. पण मग माझं खोटं तुलाच उघडं करावं लागलं असतं. वही घेऊन मीच येतो. खोडलेला आकडा उजेडात धरला की वाचता येतो.

मी आत आलो की उठू नकोस. हात धरून बसवूही नकोस. तिथे बिकाजानचा मुलगा असेल, त्याच्यासमोर मला उभं राहू दे.

ज्याच्या शब्दावर तू चर खणलास, तो
रोझमत

(नावाआधी 'तुझा काका' लिहायला हात धजला नाही. लिहावं की नाही, ते गुरुवारनंतर तू सांग.)