लॉगिन झालं गं

मंगळवार, ६ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

नमस्कार. हे पत्र तुम्हाला कॉम्प्युटरमधल्या बाई वाचून दाखवतील. त्यांचा सूर जरा कोरडा आहे, मनावर घेऊ नका. खोकला कसा आहे? माझं बरं चाललंय. ऑफिसात नवी खुर्ची मिळाली, पाठ खूश आहे.

आता कामाचं. अंध मुलांसाठी तुम्ही स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या गोष्टी ज्यातून शाळेला पाठवता, त्या आमच्या कंपनीच्या, आज्ञा टाइप करून चालणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. फाइल्सची यादी मागितली की आता आधी नाव ऐकू येईल, बाकीचे आकडे-तारखा नंतर. "गोष्टीचं नाव येईपर्यंत माझा चहा गार होतो," म्हणाला होतात ना? मी मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. सगळे हसले आणि काम मंजूर झालं.

दुसरं, लॉगिन. तुमचं स्वतःचं खातं झालं. माझ्या मोबाईलवर येणारा कोड विचारायला रोज सकाळी फोन करायची आता गरज नाही. तेही मीच लिहिलं. साहेब म्हणाले, "एवढी घाई कशाला?" मी म्हटलं, "त्यांना कुणाकडे काही मागायला आवडत नाही."

लिहून झालं आणि मग लक्षात आलं, आता तुमचा रोजचा फोनही बंद.

आई होती तेव्हा घरात तीच बोलायची, आपण दोघं ऐकायचो. ती गेली, मग तुमची नजर गेली, आणि एकमेकांशी काय बोलावं तेच आपल्याला सुचेना. त्या कोडमुळे सुरुवात झाली. आकडे सांगून झाले की तुम्ही हळूच विचारायचात, "काही खाल्लंस का?"

काल सकाळी तुम्ही एकट्याने लॉगिन केलंत. मला इथे दिसलं. फोन आला नाही. मी मोबाईल उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. दुपारी वाजला.

"लॉगिन झालं गं."

"मग? कुठे अडलं का?"

"छे. सहज केला."

मी "मीटिंग आहे" म्हणून घाईघाईने ठेवून दिला.

बाबा, मीटिंग नव्हती. जिन्यात बसून डोळे पुसले आणि मग जागेवर आले.

उद्या सकाळी मी फोन करते. काम काहीही नाही. गप्प बसलात तरी चालेल, पण ठेवू नका.

तुमच्यावरच गेलेली,
तुमची घुमी