उभं राहण्याचं काम

कट्टा, मालवण
रविवार, दुपार

ती. सुगंधाआत्येस,

तुझ्या लाडक्या भाचीचा (लाडकी हे तूच म्हणायचीस, मी नाही) वाकून नमस्कार. वाकून म्हणजे अगदी कमरेतून, पाठीचा कणा सरळ ठेवून. अंधेरीत मला त्याचंच शिक्षण मिळालंय. तुझा गुडघा कसा आहे? तळ्याची पाखाडी उतरताना अजून कळ येते का? कोंबड्या मुंगसाच्या तावडीतून वाचल्या का? इकडे आई बरी आहे. बाबा जरा जास्तच बरे आहेत, त्याबद्दल पुढे लिहिते. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात आणि 'काय म्हणता बाय?' असं तुझ्याबद्दल मधेमधे विचारतात. आनंदीकाकी आत्ता तुमच्या वालावलला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला निघतेय, तिच्या हातून हे धाडते. म्हणून मागच्या पडवीत बसून भराभर लिहिणं चाललंय.

तर आत्ये, तुझ्या शेजारणी विचारतात ना, 'तेजू मुंबयत काय करता?' त्यांना ठणकावून सांग की मी व्यावसायिक मॉडेल आहे. फोटो कुठे दिसत नाही म्हणाल्या तर सांग, दिसतो, ओळखता यायला हवा. कपड्यांच्या ऑनलाइन दुकानात कुर्त्यांचे जे फोटो असतात आणि हनुवटीच्या वर कापलेले असतात, त्यातल्या पुष्कळ हनुवट्यांच्या खाली मी आहे. ऐन मे महिन्यात, पंखा बंद करून (पंख्याने कपडा हलतो) मी लोकरीचे स्वेटर घालून थंडी वाजल्यासारखं हसलेय. एका चपलांच्या कंपनीने माझे पाय घेतले, एका कंपनीने पाठ घेतली. शिंप्याकडच्या बाहुलीच्या जागी उभं राहून अंगावर टाचण्याही टोचून घेतल्यात. त्याला 'फिटिंग मॉडेल' म्हणतात आणि त्यासाठी माप कधीही न बदलणारं शरीर लागतं (आईच्या हातची सोलकढी आणि वडे समोर असताना ते कसं राखायचं, हे कोणी शिकवत नाही). बाकीचा वेळ ऑडिशनच्या रांगेत जातो. तिथे आपल्यासारख्याच उंच मुली भिंतीला टेकून उभ्या असतात. आत जायचं, नाव आणि उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. मग आतला माणूस 'कळवतो' म्हणतो. कळवत नाही. पहिल्यांदा मी रडले होते. आता मी त्यालाच म्हणते, 'नक्की कळवा हं,' आणि कटिंग चहा पिऊन पुढच्या रांगेत जाते. ह्या धंद्यात चेहऱ्यापेक्षा पोटऱ्या घट्ट लागतात, आणि त्या मला कट्ट्याच्या घाटीने फुकट दिल्यात.

बाबांना हे कधी पटलं नाही, तुला ठाऊकच आहे. मी निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फोटो काढूक अंधेरीक कित्याक जाऊक व्हया? कट्ट्यार स्टुडिओ आसा." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. बोलायचंच झालं तर आईमार्फत. मी फोन केला की मागून आवाज यायचा, 'तेका विचार, जेवला काय.' ते 'तेका' म्हणजे मी. आई विचारायची, मी उत्तर द्यायचे, आई ते त्यांना सांगायची. ते दोघं एकाच खोलीत असायचे, तरी निरोप दोन घाट ओलांडून आल्यासारखा यायचा.

ह्या शिमग्याआधी एका मसाल्याच्या जाहिरातीची ऑडिशन होती. गोष्ट अशी, की कोकणातली मुलगी पुष्कळ दिवसांनी घरी येते आणि समुद्रावर बाप तिला भेटतो. मला वाटलं, ही तर माझ्याचसाठी लिहिलीय! आतल्या माणसाने मला न्याहाळून सांगितलं, की तू कोकणी वाटत नाहीस. मी म्हटलं, मी कट्ट्याची आहे. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण वाटत नाहीस. मग म्हणाला, जरा कोकणी बोलून दाखव. मी चांगलं खणखणीत मालवणी बोलले, तर म्हणाला, असं नको, जरा खरं वाटेल असं बोल. शेवटी चंदीगडची एक मुलगी निवडली. तिची आणि माझी उंची मात्र सारखी निघाली, म्हणून मला काम मिळालं. तिच्या जागी वाळूत उभं राहायचं, म्हणजे तोवर ते लोक उजेड मापतात, कॅमेरा लावतात आणि ती गाडीत थंड हवेत बसते. सगळं जमलं की मी बाजूला व्हायचं आणि तिने यायचं. (मुलगी स्वभावाने चांगली होती, तिने माझ्यासाठी दोनदा शहाळं पाठवलं.)

आता हे शूटिंग कुठे, तर तारकर्लीला! घरी कोणाला न सांगता आले, काम करून गुपचूप परत जायचा विचार होता. किनाऱ्यावरची वाळू झाडूने साफ करून ठेवलेली, एकही पाऊल उमटू द्यायचं नाही अशी ताकीद. तिच्या मधोमध मी, डोक्यावर ऊन, आणि एकजण माझ्या नाकाशी यंत्र धरून उजेड मापतोय. तेवढ्यात टोपल्या आणि जाळी घेऊन एक टेम्पो आला. डायरेक्टरला खरी मासळी हवी होती पण वास नको होता, म्हणून मालवणातून नुसत्या टोपल्याच मागवल्या होत्या. टेम्पोच्या काचेवर लिहिलेलं होतं 'आईची कृपा'. आत्ये, तो टेम्पो आणि ती आई दोन्ही आपल्याच घरची.

बाबा खाली उतरले. मला पाहिलं. मला वाटलं, आता आईला फोन करून 'तेका विचार, हय काय करता' म्हणतील. पण त्यांनी सरळ सीटमागची काळी छत्री काढली, उघडली आणि त्या झाडलेल्या वाळूतून थेट माझ्याकडे चालत आले. मागे पावलांची ही एवढी रांग. सगळे ओरडतायत, "अंकल! अंकल!" आणि अंकल माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे.

"कोणी उभी केल्यान तुका हय? काय गुन्हो केलंस?"

"बाबा, ह्याच माझा काम."

"उभ्या रवाचा?"

"होय. ते उजेड मापतत."

बाबांनी यंत्रवाल्याकडे पाहिलं. "मापूंदेत. पण छत्रेखाली मापूंदेत."

एकजण धावत आला आणि म्हणाला, अंकल, फ्रेममधून बाहेर या. बाबा म्हणाले, "फ्रेम तुमची, पण चेडू माझा." आणि आपल्या मुलीजवळून हललेच नाहीत. लाजेने मला वाळूत पुरून घ्यावंसं वाटत होतं, पण खोटं कशाला सांगू, मी तेव्हा दुसराच विचार करत होते. निघाल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी आईशिवाय बोलले होते.

तिकडे डायरेक्टर पडद्यावर हे सगळं पाहत होता. तो उठून ओरडला, "यही बाप चाहिए!" बापाच्या भूमिकेसाठी मुंबईहून आणलेला नट बिचारा दाढी चिकटवून तयार बसला होता, त्याला घरी पाठवलं. बाबांना समजावलं, की अशीच छत्री ह्या मुलीवर धरायची. चंदीगडची मुलगी उभी राहिली. बाबा अनोळखी बाईशी वागायच्या रीतीने हातभर लांब उभे राहिले आणि पार्सल द्यावं तशी छत्री पुढे केली. कॅमेरा सुरू झाला की छत्री हळूहळू कलायची, आणि कलायची ती मी बाजूला जिथे उभी होते तिकडे. मुलगी उन्हात, छत्री भलतीकडे. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ऊन उतरायला लागलं, डायरेक्टर डोकं धरून बसला. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "इनकी बेटी को ही खड़ा कर दो ना, मेरी फ्लाइट निकल जाएगी."

तर अशी मी कोकणी वाटायला लागले. तिची साडी मला नेसवली, मागून पोलक्याला चिमटे लावले. बाबांना सांगितलं, काहीही बोला, आवाज घेत नाही आहोत. आवाज घेत नाहीत म्हटल्यावर बाबांनी इतके दिवस साठवलेलं सगळं काढलं. "किती बारीक झालंस गो. खानावळीत काय घालतत तुका? आवस रोज तुझा ताट काढून ठेवता नि मगे माका वाढता. माका काय ता दोनदा जेवचा लागता." मी रडले. डायरेक्टर म्हणाला, क्या बात है, किती सहज! मी म्हटलं, थँक्यू, सराव आहे. (तू कोणाला सांगू नकोस.)

आता ती जाहिरात लागलीय. कुडाळच्या हायवेला मोठा फलक आहे, जाऊन बघ. माझं सगळं व्यवस्थित चाललंय, एजन्सीचा फोनही येऊन गेला, आणि मी पुढच्या आठवड्यात मुंबईला परत जातेय, कामाचा ढीग पडलाय. आता लोक म्हणोत काय ते. तुझ्या गुडघ्याला आराम पडो आणि कोंबड्यांना मुंगूस न भेटो, एवढंच देवाकडे मागणं.

तुझी,
तेजस्वी (व्यावसायिक मॉडेल)

ता. क. १. फलकावर मी शोधायची असेल तर छत्रीच्या सावलीत बघ. हनुवटी आणि कानातली एक कुडी, ती मी. बाकी सगळे बाबाच आहेत. आणि एजन्सीचा फोन आला तोही खरं तर बाबांना. एका बँकेला त्यांच्या पिकल्या मिश्या आवडल्यात. उंची विचारली, ती त्यांनी सांगितली. कामाचा अनुभव विचारला तर म्हणाले, "चोवीस वर्षां बाप आसंय." निवड झाली. मी त्यांच्यासोबत जातेय, त्यांची एजंट म्हणून, आणि बँकवाल्यांना मी माझेही फोटो पाठवलेत (हनुवटीच्या वरचे).

ता. क. २. खरं काम हे की तू आजच्या आज ये. मुंबईला जायचं म्हणून बाबांनी मिश्यांना लावायला काळा कलप आणलाय. ते फक्त तुझं ऐकतात. गुडघा दुखत असला तरी रिक्षा करून ये.

ता. क. ३. रिक्षा नको करू. आत्ताच खळ्यातून हाक आली, "गो तेजू, एका बाजूक लागलो, दुसऱ्या बाजूक पुराक नाय." मी जाते. बँकेला कुठली बाजू दाखवायची, हे आता एजंटनेच ठरवायचंय.