तारेतली टकटक

३० नोव्हेंबर २००८

रेडिओ दुर्बिणीवरचा पोरगा आला होता. रुपेश. कळंबचाच, शिकून साहेब झालेला. टीव्हीचा असतो तसला एरियल हातात धरून बांधाबांधानं फिरत दारात थांबला. म्हणाला, "तात्या, सापडला चोर! तुमचं झटका मशीन."

मशीन बिबट्यासाठी बसवलंय. घराभोवती तार, बॅटरीवर चालतं. झटका बसतो, जीव जात नाही. त्याची टकटक म्हणे त्यांच्या दुर्बिणीच्या तबकड्यांत शिरते.

मंगळाजवळ एक यान आहे. सध्या ते सूर्यापलीकडे आहे, त्याचा रेडिओचा आवाज सूर्याच्या कडेनं इकडे येतो. सूर्यातून वारा सुटतो, त्यात तो आवाज थरथरतो. थरथर मोजायची आणि वारा ओळखायचा. "सूर्याजवळ जाऊन कोण बघणार, तात्या? जळून जाईल."

आठवडाभर, सूर्य वर असेपर्यंत मशीन बंद ठेवा म्हणाला. रात्री खुशाल लावा. हो म्हटलं.

१ डिसेंबर

मशीन बंद. दारातून हललो नाही. बायको चिमाबाई हसते. "दिसाचा कुठं येतोय बिबट्या? लई भित्रं तुमी!"

३ डिसेंबर

शेजारी भागूच्या उसाला तोड लागली. बिबट्याला दडायला जागा उरली नाही— भर दुपारी भागूचं कुत्रं नेलं! तेजस्विनी तेव्हा आमच्या अंगणात खेळत होती. नात माझी, पाच वर्षांची. कुत्र्याहून थोडीच उंच.

४ डिसेंबर

रुपेशला सांगावं, मशीन लावतो. धीर होत नाही. ही वेळ गेली तर यान पुन्हा सूर्यापलीकडे जाईपर्यंत त्याला दोन वर्षं थांबावं लागेल.

पण टकटक मशीनची आहे, तारेची नाही. सरळ मीटरवरून लाईट जोडली तर?

जोडली. मशीन काढून ओट्यावर ठेवलं, कोणी बघितलं तर बंद आहे हे दिसावं म्हणून. चिमाबाई ओरडली, "आवो, मानूस मरंल!" घरात सगळ्यांना बजावलंय. तेजस्विनीला ती कडेवरून खाली उतरू देत नाही. बाहेरचं कोण येतंय तारेतून?

५ डिसेंबर

रुपेशचा फोन. "तात्या, एक टकटक नाही! इतका साफ आवाज कधी मिळाला नव्हता." मी म्हणालो, मशीन काढूनच ठेवलंय ओट्यावर.

का म्हणालो!

६ डिसेंबर

झोप नाही. लाईट गेली की बिबट्याचा घोर, आली की तारेचा.

७ डिसेंबर

काम झालं हे सांगायला रुपेश आला होता. टकटक नाही म्हणजे तारेत काही नाही, असं त्याला वाटलं. हातानं तार वर उचलून वाकून आत येत होता. मी धावेपर्यंत संपलं होतं.

त्याचे वडील कळंबहून निघालेत. चिमाबाई म्हणते, "मानसं यायच्या आत मीटरची वायर काढा."

लाईट बंद केली आहे. वायर तशीच ठेवली आहे.