उरलेलं हातभर अंतर

प्रिय दिग्विजय,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलंय, मनावर घेऊ नकोस. निगडीच्या खेळाच्या दुकानातला बंटी सांगत होता, तू गोल्फचा नवा वेज नेलास. झेंड्याजवळ पोचल्यावर चेंडू अलगद उचलून टाकायचे ते आखूड क्लब. त्यातला सगळ्यात झुकत्या तोंडाचा, साठ अंशांचा, तू उचललास म्हणे, टीव्हीवरचे खेळाडू वापरतात तसला. मला हसूच आलं. तुझं कायमचं असंच, चारचौघांत मिरवता येईल ते आधी पाहिजे.

मीही त्याच दुकानातून घेतले, पण बंटीचं भरपूर डोकं खाऊन. आधी माझ्या सेटमधल्या पिचिंग वेजचा कोन मोजून घेतला. हल्ली ते बरेच उभ्या तोंडाचे येतात, पंचेचाळीसच्या आसपास. त्यानंतर एकदम साठ घेतला तर मधल्या अंतरांसाठी हातात काही उरतच नाही; एकतर जोर आवरून मारा, नाहीतर झेंड्याच्या पलीकडे जा. म्हणून मी पन्नास, चोपन्न आणि अठ्ठावन्न असे तीन घेतले. मग तळाचा प्रश्न. उन्हानं मैदान टणक झालंय. अशा जमिनीवर फुगीर तळाचा वेज उसळतो आणि त्याची कड चेंडूच्या पोटात बसते. वाळूच्या खड्ड्यासाठी चोपन्नचा तेवढा फुगीर ठेवला, बाकी दोन सपाट. बंटी म्हणाला, "ताई, लग्नाची साडीपण कोणी इतकी निरखून घेत नाही!" त्याला काय सांगू, ती साडी तुझ्यामुळे घ्यायचीच राहिली.

तेव्हा आपलं ठरल्यातच जमा होतं. डिप्लोमाच्या दिवसांत तू मोशीला आमच्याकडे जेवायला बसलास की अण्णा स्वतः उठून तुझ्या भाकरीवर तूप घालायचे. "पोरगं खोलीवर ऱ्हातंय, कोन बघनार त्याला," म्हणायचे. भोसरीतलं आमचं छोटं वर्कशॉप, त्यातलं लेथवरचं काम तू त्यांच्याच हाताखाली शिकलास. पुढे चाकणला कंपनीत खरेदी विभागाचा साहेब झालास, तर अण्णांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले.

आणि मग तो रविवार. तूच त्यांना मैदानावर बोलावलंस. साहेबांशी ओळख करून देतो, लग्नाचंही बोलून घेऊ, म्हणालास. अण्णा परीटघडीचे कपडे आणि नवी टोपी घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. तुझे साहेब समोरून आले आणि तू काय केलंस? "काका, जरा धरा," म्हणून आपली बॅग त्यांच्या खांद्यावर अडकवलीस. हे कोण, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणालास, "कॅडी आहे, इथल्याच गावातला." सगळा खेळ संपेपर्यंत अण्णा ती बॅग घेऊन तुझ्यामागे फिरले. घरी आले ते पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन. एवढंच म्हणाले, "लई मोठं रान हाय गं त्ये. पाय भरून आलं."

मला हे कळलं ते तिथं खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या ज्योतीराम कॅडीकडून, तू त्या साहेबांचा जावई झाल्यानंतर. अण्णांनी आजवर तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. मला मात्र त्यांच्या खांद्यावरचा वळ दिसला होता. तो मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

ज्योतीरामनंच मला खेळ शिकवला. शिकताना दुरून तुझा खेळ पाहायचे. चेंडू भोकापासून हातभर उरला की समोर खेळणारा तुझ्या कंपनीचा सप्लायर लगबगीनं म्हणायचा, "दिला, साहेब!" आणि चेंडू उचलून तुझ्या हातात ठेवायचा. समोरच्यानं दिला तर शेवटचा टोला मारावा लागत नाही, खेळाचा नियमच आहे. पण इतक्या वर्षांत तुला तो मारायला कोणी लावलाच नाही. ते हातभर अंतर तू स्वतः कधी पार केलंयस, आठवतं का?

येत्या रविवारी उद्योजकांच्या स्पर्धेची फायनल आहे. तुझ्यासमोर आमच्या वर्कशॉपचं नाव बघून तू निर्धास्त असशील, जुना सप्लायर म्हणजे देणारच. समोर मी असेन, दिग्विजय. तुझ्या कंपनीचं काम मी कधीच सोडलंय. मी देणार नाही. हातभर नाही, वीतभर नाही, चार बोटंसुद्धा नाही. शेवटच्या हिरवळीच्या कडेला अण्णा खुर्चीवर बसतील, त्याच टोपीत, आणि पेढ्यांचा पुडा या वेळी मी आणेन. हे सगळं तिथं आल्यावरही तुला कळलं असतं. पण ऐनवेळची घटकाभराची धडधड मला पुरेशी वाटेना. आज बुधवार. हे वाचून झालं की तू दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चेंडू ठेवशील, हातभर अंतरावर पेला आडवा करशील आणि ढकलून बघशील. पहिला चुकेल. मग दुसऱ्याला हात थरथरेल. रविवारपर्यंत तो थरथरतच राहावा, म्हणून आधी कळवलं.

कधीकाळी तुझीच असलेली,
दौलतअण्णांची लेक, विजयश्री